जुन्या जीपच्या कमानी आणि चेसिस: धुळ्यातील एका वर्कशॉपचे परीक्षण

आमच्या घरची महिंद्रा सीजे-थ्रीबी जीप 1969 सालची आहे. यावल तालुक्यातील केळीच्या मळ्यावर ती तीस वर्षे राबली आणि त्यानंतर अठरा वर्षे गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती भंगारात देऊ दिली नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे काम हाती घेतले, तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा यांच्याबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटले. पण कमानी, म्हणजे एक्सलवर गाडी तोलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंग, कोणत्या बसवाव्यात आणि चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, हात लावावा की नाही, याबद्दल मात्र ज्याने त्याने वेगळे सांगितले, आणि त्या गोंधळात एक महागडी चूकही माझ्या हातून झाली. त्या चुकीसाठी विकत घेतलेले तयार किट आणि पुढे ती चूक निस्तरून देणारे धुळ्यातील एक कमानीचे वर्कशॉप, अशा दोहोंचे हे परीक्षण आहे. वर्कशॉपच्या मालकांनी नाव छापू नये अशी विनंती केली, कारण त्यांच्याकडे दोनच कारागीर आहेत आणि ट्रकचीच कामे आठवडाभर रांगेत असतात. त्या विनंतीचा मान राखणे मला आवश्यक वाटते.

आधी किटविषयी. ऑनलाइन मागवलेल्या या किटमध्ये चार कमानी, चार लांब शॅकल (कमानीचे टोक चेसिसला जोडणारे हलते दुवे), चार शॉकअप आणि कमान एक्सलला आवळणारे यू-बोल्ट होते, आणि त्यासाठी मी 38,000 रुपये मोजले. जाहिरातीत ‘हेवी ड्यूटी’ असे लिहिलेले होते आणि त्या वेळी मला तो शब्द भरवशाचा वाटला. जळगावातील एका गॅरेजमध्ये दोन दिवसांत ते बसवले गेले, गाडी सुमारे तीन इंच उंच झाली आणि दिसायला रुबाबदार दिसू लागली. परंतु यावलच्या रस्त्याला लागून तापीचा पूल ओलांडेपर्यंतच दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी, की प्रत्येक लहान खड्ड्याचा दणका थेट पाठीच्या मणक्यात येत होता, जणू कमानीऐवजी लोखंडी ठोकळेच बसवले आहेत. आणि दुसरी, जी अधिक गंभीर होती, ती अशी की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नव्हते आणि ताशी पन्नासच्या पुढे गाडी रस्त्यावर डावी-उजवीकडे भटकत होती.

या दोन्ही दोषांमागे साधे गणित आहे, आणि कमानी विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ते पैसे देण्याआधी करून पाहावे असे मला कळकळीने वाटते. कमानीचा ताठरपणा पाट्यांच्या रुंदीच्या आणि संख्येच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या बाबतीत तो घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 6 मिलिमीटरच्या पाट्याऐवजी 7 मिलिमीटरचा पाटा घातला, तर जाडी केवळ एक मिलिमीटरने वाढते, पण ताठरपणा जवळजवळ एकोणसाठ टक्क्यांनी वाढतो. माझ्या किटमधील मुख्य पाटा 7 मिलिमीटरचा होता आणि त्याखालचे बहुतेक पाटेही तेवढेच जाड होते. मागे सामान भरून, पुढे विंच बसवून, मोठ्या टायरवर डोंगरात फिरणाऱ्या जीपला ते कदाचित शोभले असते. पण रिकामी असताना जेमतेम अकराशे किलो भरणाऱ्या आमच्या जीपला त्या कमानी दबतच नव्हत्या.

स्टिअरिंगचा दोष शॅकलमध्ये होता. या जीपच्या पुढच्या कमानीची लांबी साधारण 36 इंच असते आणि तिचे शॅकल पुढच्या टोकाला असते. किटमधील शॅकल मूळ शॅकलपेक्षा दोन इंच लांब होते. शॅकल दोन इंच लांब केले की गाडी एकच इंच उंच होते, मात्र कमानीचे पुढचे टोक दोन इंच खाली जाते आणि तिच्यावर बसलेला एक्सल सुमारे तीन अंश पुढे झुकतो. मूळ जीपचा कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या किंगपिनभोवती वळते तिचा मागच्या बाजूचा कल, तीनच अंशांचा असतो. त्यामुळे एक इंच उंचीच्या हौसेपायी सगळा कॅस्टर नाहीसा झाला होता, आणि चाकांना सरळ रेषेत परत आणणारा जो नैसर्गिक ओढा असतो, तोच उरला नव्हता. विक्रेत्याला फोन केला, तेव्हा त्यांनी अलाइनमेंट करून घ्या असे सांगितले. पण सलग एक्सलच्या जीपमध्ये टाय रॉड फिरवून फक्त टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल, बदलतो, कॅस्टर बदलत नाही. कॅस्टर दुरुस्त करायचा तर कमान आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर बसवावी लागते, आणि ती किटमध्ये दिलेली नव्हती. शिवाय डाव्या कमानीच्या सेंटर बोल्टचे, म्हणजे सगळे पाटे मध्यभागी एकत्र धरणाऱ्या बोल्टचे, डोके एक्सलवरील खाचेत नीट बसत नव्हते, त्यामुळे डावे चाक उजव्याच्या 6 मिलिमीटर मागे राहिले होते, हे फार उशिरा समजले.

यानंतर नानांच्या ओळखीने मी धुळ्याला गेलो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या कमानी बांधणाऱ्यांचा तेथे पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे आणि त्यांच्या हाताला वजनाचा अंदाज असतो. ज्यांच्याकडे मी गेलो, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी जीपखाली वाकून दोन मिनिटे पाहिले, हात पुसले आणि अहिराणीत एवढेच सांगितले, “भाऊ, पहिले चेसिस देखा, मंग कमानना इचार करा.” माझ्या मते या साऱ्या खर्चात मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला तोच होता, कारण तोपर्यंत एकाही विक्रेत्याने किंवा गॅरेजने मला चेसिस मोजली आहे का, असे विचारले नव्हते.

मोजण्याची त्यांची पद्धत येथे सविस्तर लिहितो, कारण ती कोणालाही घरच्या ओट्यावर करता येते. बॉडी उतरवल्यानंतर चेसिस चार घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) पाणसळीने समतल ठेवली. मग गवंड्याचा साधा ओळंबा घेऊन पुढच्या कमानीच्या मागच्या हँगरमधून (कमान चेसिसला जोडणाऱ्या कंसातून) आणि मागच्या कमानीच्या पुढच्या हँगरमधून, दोन्ही बाजूंनी, जमिनीवर चार खुणा उतरवल्या आणि खडूने त्यांच्यामध्ये दोन तिरक्या रेषा आखल्या. चेसिस सरळ असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात. आमच्या जीपचे कर्ण 11 मिलिमीटरनी वेगळे निघाले, म्हणजे चेसिसच्या दोन लांब बाजूंपैकी एक रेल दुसरीच्या पुढे सरकलेली होती. नानांना विचारले, तेव्हा पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेल्या केळीच्या ट्रॉल्या याच जीपच्या मागच्या उजव्या कोपऱ्याला साखळी लावून ओढल्या जात असत, अशी आठवण त्यांनी सांगितली. अशा चेसिसवर जगातील कोणतीही कमान बसवली, तरी मागचा एक्सल पुढच्या एक्सलला समांतर राहणार नाही. आप्पांनी साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून, न तापवता, अर्ध्या दिवसात हळूहळू ओढ देऊन तो फरक 3 मिलिमीटरपर्यंत आणला. तापवून ओढणे सोपे जाते, पण त्यामुळे रेलची ताकद त्या जागी कमी होते, म्हणून त्यांनी ते टाळले, ही गोष्ट मला विशेष आवडली.

सरळ केल्यानंतर तडे शोधण्याचे काम आले. जुन्या जीपमध्ये स्टिअरिंग बॉक्सची जागा, पुढच्या कमानीचे हँगर आणि मागच्या शॅकलची जागा या तीन ठिकाणी तडे जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. रेलच्या सी आकाराच्या पोकळीत, दोन्ही रेल जोडणाऱ्या मागच्या आडव्या क्रॉस मेंबरपाशी, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडल्यावर विटेएवढे काळ्या मातीचे घट्ट ढेकूळ बाहेर आले. ते फोडले तेव्हा आत केळीच्या सोपटाचे सुकलेले दोरे होते, आणि ढेकूळ जेथे चिकटले होते तेथील लोखंड पापुद्र्यांसारखे सुटत होते. काळी माती ओल धरून ठेवते, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही ठाऊक असते, पण चेसिसच्या पोटात ती वर्षानुवर्षे काय करते, ते मी प्रथमच इतक्या जवळून पाहिले. त्यानंतर तड्यात शिरणारी लाल डाय फवारून पुसून काढली आणि तड्यात उरलेली डाय वर ओढून घेणारा पांढरा डेव्हलपर वरून मारला. काही मिनिटांत स्टिअरिंग बॉक्सच्या खालच्या बोल्टपासून निघालेली, केसाएवढी बारीक, चार सेंटिमीटर लांबीची लाल रेघ पांढऱ्यावर उमटली. साध्या डोळ्यांना ती आधी दिसलीच नव्हती.

दुरुस्तीचा दर्जा मी चांगला म्हणेन. तड्याच्या टोकाला लहान छिद्र पाडले, जेणेकरून तडा पुढे सरकू नये. मग तडा ग्राइंडरने इंग्रजी व्ही आकारात उघडून भरून घेतला आणि आतून पट्टी लावली. त्या पट्टीची टोके सरळ न कापता माशाच्या शेपटीसारखी निमुळती केली होती. रेलच्या आडव्या कडेवर सरळ रेषेत वेल्डिंग केले की नवा तडा नेमका त्या वेल्डिंगच्या काठावर जातो, कारण ताण तेथे एकदम बदलतो. निमुळत्या टोकामुळे तो हळूहळू विभागला जातो. चेसिस क्रमांकाच्या जागेला ग्राइंडर किंवा वेल्डिंगची ठिणगी लागू नये, म्हणून तेथे आप्पांनी स्वतः ओले गोणपाट बांधून ठेवले होते. आरटीओत त्या क्रमांकाची पेन्सिल-छाप घेतली जाते आणि तो पुसट झाला तर पुढचा त्रास फार मोठा असतो, याची त्यांना पूर्ण जाणीव होती.

याच टप्प्यावर चेसिस बॉक्स करण्याचा प्रश्न निर्माण झाला. सी आकाराच्या रेलची उघडी बाजू पट्टीने पूर्ण बंद करून तिची पेटी बनवणे, याला बॉक्सिंग म्हणतात आणि त्यासाठी कापून तयार केलेल्या पट्ट्यांचे संचही मिळतात. उघडी रेल पीळ सहज घेते, बंद पेटी कित्येक पटींनी कमी पिळते, हे खरे आहे. पण जुन्या जीपची रचना पाहिली तर तिच्या चेसिसने थोडा पीळ घ्यावा, हे गृहीत धरूनच तिच्या कमानी आणि क्रॉस मेंबरचे रिव्हेट ठरवलेले आहेत. रेल ताठ केली की तोच ताण रिव्हेटवर आणि पेटी जेथे संपते त्या टोकावर जाऊन बसतो. ज्यांना जास्त ताकदीचे इंजिन किंवा कॉइल स्प्रिंग असलेले स्वतंत्र सस्पेन्शन बसवायचे आहे, त्यांना बॉक्सिंगशिवाय गत्यंतर नाही, कारण त्या सस्पेन्शनचे कंस रेलच्या एकाच जागी मोठा जोर देतात. मूळ इंजिन आणि मूळ एक्सल ठेवणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातच ढेकळाचा तो प्रसंग ताजा असल्यामुळे, पाणी आणि माती जाईल पण बाहेर येणार नाही अशी बंद पोकळी तयार करण्यास माझे मन राजी होत नव्हते.

कायद्याची बाजूही येथेच लक्षात घ्यावी लागते. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला नोंदणी क्रमांक मिळतो; नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणाला 5,000 रुपये लागतात. मात्र गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच काढता येते. ज्यांना हा मार्ग नको असेल, त्यांच्यासाठीही मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहेच, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे आम्ही तडे भरले, गंजलेला भाग तेवढ्याच जाडीच्या पोलादाने बदलला, आणि त्यापलीकडे चेसिसला काहीही जोडले नाही.

आता कमानींकडे येतो. किटच्या कमानी काढून टाकल्या आणि शेडमध्ये ठेवलेल्या मूळ कमानी धुळ्याला नेल्या. त्याआधी आप्पांनी वजन मागितले, आणि ते अंदाजाने नको, काट्यावरचे हवे होते. गावाजवळच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांच्या रांगेत जीप उभी करून आधी संपूर्ण, नंतर फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके काट्यावर घेतली: पुढे 590 किलो, मागे 500 किलो. चार माणसे आणि थोडे सामान धरले की मागचे वजन सव्वासातशे किलोच्या आसपास जाते. कमान बांधणाऱ्याला खरी माहिती हवी असते ती एवढीच, आणि ती देणारे गिऱ्हाईक विरळा, असे आप्पा म्हणाले.

मूळ कमानींपैकी दोन मुख्य पाट्यांना डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल वळशाजवळ, तडा होता आणि उरलेल्यांचा बाक बसलेला होता. या जीपच्या पाट्याची रुंदी पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे 44.5 मिलिमीटर असते, आणि आजच्या ट्रकचे पाटे याहून बरेच रुंद असल्यामुळे ती पट्टी दुकानात तयार नसते. रुंद पाटा गॅसने कापून अरुंद करून देणारे लोक आहेत. तसे कधीही स्वीकारू नये, कारण गॅसच्या आचेने काठाचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरते आणि तडा तेथूनच सुरू होतो. आप्पांनी 45 मिलिमीटरची सिलिको-मँगनीज पोलादाची पट्टी मागवली आणि कडा घासून मापात आणली. त्यासाठी नऊ दिवस गेले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बसलेले पाटे त्यांनी थंडच ठोकून वाकवले नाहीत, कारण तसे केलेले पाटे काही महिन्यांत पुन्हा बसतात. भट्टीत लाल करून साच्यावर बाक दिला, तेलात बुडवले आणि पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढला. बांधलेली कमान प्रेसखाली पूर्ण सपाट होईपर्यंत चार वेळा दाबली, दर वेळी दोन्ही डोळ्यांमध्ये दोरी ताणून मधली उंची मोजली, आणि शेवटच्या दोन वेळांत उंची बदलली नाही तेव्हाच ती बाजूला ठेवली. पाट्यांमध्ये ग्राफाइटचे ग्रीस लावले. शॅकल मूळचीच, पेचाची आणि ग्रीस भरण्याची, ठेवली. त्यातील काहींचे आटे उलटे असतात, म्हणून उघडताना जोर लावण्याआधी आटे पाहून घ्यावेत.

पॅराबोलिक कमानींचाही विचार मी केला होता. मध्यभागी जाड आणि टोकाकडे पातळ होत जाणारे दोन-तीनच पाटे, मध्ये घर्षण जवळजवळ नाही, आणि त्यामुळे चाल निश्चितच मऊ. पण जुन्या कमानीत पाट्यांचे घर्षणच गाडीचे हेलकावे काही अंशी रोखते. ते काढून टाकले की सगळा भार शॉकअपवर येतो. आपल्या रस्त्यांवर हलक्या दर्जाच्या शॉकअपचे तेल पहिल्याच उन्हाळ्यात गळू लागते, हे मी दोन गाड्यांवर अनुभवलेले आहे. ज्यांची नोंदणी व्हिंटेज नाही आणि जे चांगल्या शॉकअपवर खर्च करायला तयार आहेत, त्यांनी पॅराबोलिकचा जरूर विचार करावा.

कमानीच्या डोळ्यात बसवायचे पॉलीयुरेथेनचे बुश मी नाकारले. धूळ बसली की ते करकरतात.

वर्कशॉपच्या उणिवाही नोंदवतो. दहा दिवस सांगून काम सव्वीस दिवसांनी मिळाले, आणि पट्टीचे नऊ दिवस वजा केले तरी तो उशीर समर्थनीय नाही. बिलात फक्त ‘कमान काम’ एवढेच लिहिलेले होते. पोलादाचा प्रकार, पाट्यांची जाडी आणि संख्या मी आग्रह धरल्यावर हाताने लिहून दिली. जुनेच यू-बोल्ट परत बसवण्याची त्यांची तयारी होती. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो आणि दुसऱ्यांदा त्याची पकड तशी राहत नाही, म्हणून मी नवे आणून दिले. ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगायला हवी होती. आणि तयार कमानींवर काळ्या रंगाचा जाड थर दिला होता, तो मी उतरवायला लावला, कारण पुढे तडा गेला तर तो रंगाखाली दिसणार नाही. हे सगळे सांगितल्यावर आप्पांनी वाद घातला नाही, हेही तितकेच खरे. चेसिसचे काम, दोन नवे मुख्य पाटे, चारही कमानींची बांधणी आणि जोडणी मिळून 31,500 रुपये झाले, म्हणजे त्या किटपेक्षा कमी.

चाल कशी आहे, ते सांगतो. पाल येथे सातपुड्यात चढताना आणि कन्नडच्या घाटात उतरताना, दोन्ही ठिकाणी जीप चालवून पाहिली. स्टिअरिंग वळणातून स्वतःहून सरळ होते. 6.00-16 च्या मूळ मापाच्या टायरवर ताशी साठला गाडी एका रेषेत जाते आणि हात सैल सोडला तरी भटकत नाही. खड्ड्यात ती आदळत नाही, एकदा बसते आणि उठते. मागे दोन माणसे असताना चाल सर्वांत छान लागते. एकट्याने चालवताना मागची बाजू अजूनही किंचित ताठ वाटते, आणि एक पाटा कमी केला तर ती मऊ होईल, पण मग भरलेल्या गाडीला तो कमी पडेल, म्हणून तसेच ठेवले आहे. नाना मागच्या सीटवर बसून पालपर्यंत आले आणि वाटेत एकदाही त्यांनी कमरेला हात लावला नाही.

पहिल्या 300 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले, तेव्हा चारही बाजूंना पाव ते अर्धा फेरा गेला. हजार किलोमीटरनंतर पुन्हा दोरी लावून मोजले: मागच्या कमानी 8 मिलिमीटर बसल्या, पुढच्या 5, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत आकडा हललेला नाही. स्टिअरिंग बॉक्सजवळच्या दुरुस्तीवर या महिन्यात पुन्हा लाल डाय मारली, रेघ उमटली नाही. जळगावच्या आरटीओत व्हीए क्रमांकासाठी द्यायचे कागद नानांनी एका पिशवीत गोळा करून ठेवले आहेत, आणि त्यांतच आप्पांनी हाताने लिहून दिलेले ते बिलही आहे.